कीबोर्ड चढला होता

मास्तर बादली विकत घ्यायला गेले की आधी तिला टिचकी मारत. कान जवळ नेत, डोळे मिटत, आणि दुकानदाराला म्हणत, "ही नको. दुसरी दाखव. हिचा आवाज फुटका हाये."

दुकानदार म्हणे, "मास्तर, पानी भरायचं हाये का गानं म्हनायचं?"

"पानी भरतानी आवाज येते नं बे? रोज सकाळी तो कोन आयकंन? तू?"

कामरगावच्या बाजारातले भांडीवाले त्यांना ओळखून होते. ते दिसले की दोन-तीन बादल्या आपणहून पालथ्या घालून ठेवत आणि गंमत बघत. मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. मनासारखी बादली मिळाली की ती डोक्यावर घेऊन वाटेभर वाजवत ते घरी जात.

पेटीच्या पट्ट्यांवरून सुरांना नावं पडली आहेत. काळी एक, पांढरी चार, अशी. आपण घराला नंबर देतो तशी मास्तर जगातल्या प्रत्येक आवाजाला पट्टी देत. दुपारची कारंज्याची एसटी काळी दोनमध्ये हॉर्न देते. शेजारची पिठाची गिरणी पांढरी चारमध्ये सुरू होते आणि दाणे संपत आले की घसरते. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे चाची म्हणायचो. मास्तर अंगणातून त्यांना हाक मारत, आतून उत्तर आलं की आमच्याकडे बघून सांगत, "पांढरी पाच. म्हंजे अजून राग नाही आला. आनखी एक पट्टी चढली का पळायचं."

चाची आतून म्हणत, "फुकनी बी मेरे हाथ में है. उसकी पट्टी बताऊं क्या?"

मास्तरांची बँडपार्टी होती. वडलांपासूनची. लाल कोट, सोनेरी झालर, दोन ट्रम्पेट, एक सॅक्सोफोन, साइड ड्रम, ढोलक, बँजो आणि मास्तरांचं स्वतःचं क्लॅरिनेट. पुढे त्यात कीबोर्ड आला आणि कीबोर्डबरोबर मी आलो. मी धनजचा. आमच्या विहारात भीमगीतांची पार्टी होती, तिथे मी पेटी शिकलो होतो. जयंतीच्या मिरवणुकीला मास्तरांचा बँड आमच्याकडे यायचा. एकदा त्यांनी माझं वाजवणं उभ्याने ऐकलं आणि म्हणाले, "बोटं चांगले हायेत तुहे. कान कुठी ठेवून आला, शेतात?" दुसऱ्या दिवशीपासून मी त्यांच्या पार्टीत.

एका लग्नातली गोष्ट आहे. वरात निघायच्या बेतात. नवरदेव घोड्यावर, भर दुपार, पोरं नाचायला अधीर. कीबोर्ड आणि माइकसाठी हातगाडीवर जनरेटर होता, तो घरघरत होता. मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं, काढलं, आणि सरळ जनरेटरवाल्याकडे गेले. "रेस कमी कर. थोडी. अजून थोडी. अबे बंद नाही करायचा! आता वाढव. बस. बस. याच्यातच राहू दे." पंधरा मिनिटं हे चाललं. नवरदेवाचा मामा घामाघूम होऊन आला. "मास्तर, नवरीकडचे वाट पाहून राह्यले! काय करून राह्यले तुमी?"

"जनरेटर सुरात घेऊन राह्यलो."

"त्याले कोन आयकते?"

"कोनी नाही आयकत. पन तो सगळ्यायच्या कानात जाते." आणि मास्तर आमच्याकडे वळून म्हणाले, "चला. आला पांढरी तीनात."

ती वरात फार सुंदर वाजली. का, ते मलाही तेव्हा कळलं नाही.

पण मास्तरांची खरी हौस वर्षातून एकच दिवस पुरी व्हायची, एक जानेवारीला. त्या दिवशी बाजाराच्या मैदानात आमचा 'नवीन सालाचा ऑर्केस्ट्रा' व्हायचा. वाजवणारे तेच, कोट तेच, गाणी बरीचशी तीच. मग ऑर्केस्ट्रा कसा? मास्तरांची व्याख्या पक्की होती. "उभ्यानं वाजवला तं बँड. खुर्चीवर बसून वाजवला तं ऑर्केस्ट्रा." वर्षभर आम्ही दुसऱ्यांच्या नवरदेवांपुढे चालत वाजवत असू. लोक आमच्याकडे पाठ करून नाचायचे. त्या एका दिवशी आम्ही बसायचो आणि लोक आमच्याकडे तोंड करून बसायचे. नाचायला सक्त मनाई. कोणी उठलाच तर मास्तर वाजवणं थांबवून म्हणत, "बस बापा. तुह्या लग्नात नाच."

मंडपवाल्याकडून खुर्च्या आणताना ते प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसून, हलून बघत. करकरणारी खुर्ची परत. आणि कार्यक्रम दिवसाउजेडी, साडेचारला. बाकी गावांत एकतीसच्या रात्री धिंगाणा असतो, तसा मास्तरांना पसंत नव्हता. "रातच्या बाराले साल कसं बदलते बे? आर्धं गाव झोपेत असते. मानूस उठला, आंगधुनं केलं, कपडे बदलले, मंग साल बदललं." जुनी सिनेमातली गाणी, दोन-तीन भीमगीतं, एक कव्वाली, आणि शेवटी मास्तरांचं एकट्याचं क्लॅरिनेट. तेवढ्यासाठी आसपासच्या खेड्यांतून जीप भरून माणसं येत.

मास्तरांना एकाच गोष्टीची भीती होती. त्यांचे वडील याच पार्टीत चाळीस वर्षं साइड ड्रमच्या शेजारी चालले आणि म्हातारपण येण्याआधीच बहिरे झाले. आधी सूर गेले, मग बोलणं गेलं. वडील बेसूर वाजवायला लागले तरी त्यांना ते कळत नव्हतं, आणि घरात कोणाची सांगायची हिंमत नव्हती. हे मास्तरांनी मला एकदाच सांगितलं, एसटीत, खिडकीबाहेर बघत. "माहं तसं झालं नं, तं तू सांगशील. चाची नाही सांगनार. तू सांगशील. कबूल?"

मी म्हणालो, "कबूल."

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. मी बोलका माणूस नाही. शाळेत शिकवतानासुद्धा बोलण्यापेक्षा फळ्यावर जास्त लिहितो. हे एक वाक्य मनातून बाहेर काढायला मला अकरा वर्षं लागली.

अकरा वर्षांपूर्वी माझं नुकतंच लग्न झालं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत लागून थोडेच दिवस झाले होते. सासरे मेडशीचे. जावई ऑर्केस्ट्रात वाजवतो म्हणून ते एवढ्या लांबून दोन एसट्या बदलून एक जानेवारीला आले आणि पहिल्या रांगेत बसले. शेजारी माझी बायको, नवी साडी नेसून. सासऱ्यांना बँड म्हणजे हलकं काम वाटे, हे मला माहीत होतं. आल्याआल्या त्यांनी विचारलंही होतं, "गुरुजी झाल्यावर हे कायले पायजे?"

शेवटून दुसरं गाणं एका अंगणवाडीताईंचं होतं. साथीला फक्त कीबोर्ड आणि ढोलक. त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "सर, आर्धा सूर वर घ्या नं. खाली मले जमत नाही." कीबोर्डवर त्यासाठी एक बटण असतं. दाबलं की सगळा कीबोर्ड अर्धा सूर वर चढतो. बोटं त्याच पट्ट्यांवर पडतात, आवाज मात्र वरचा निघतो. कीबोर्डवरच्या छोट्या काचेवर बारीक 'एक' हा आकडा दिसतो. मी बटण दाबलं. ताई छान गायल्या. टाळ्या झाल्या. सासऱ्यांनीही वाजवल्या. त्या टाळ्या बघण्यात मी बटण खाली आणायला विसरलो.

मास्तर उभे राहिले. तेवढा एकच तुकडा ते उभ्याने वाजवत. सुरुवात एकट्याची, मग माझा कीबोर्ड मिळायचा, मग ढोलक. मास्तरांची पहिली ओळ झाली. मैदान गप्प झालं. मी कीबोर्डवर हात ठेवला आणि दात आंबावेत तसा आवाज आला. बेसूर झालं हे सगळ्यांनाच कळलं. कोण बेसूर झालं हे कळणारा त्या मैदानात एकच माणूस होता.

मास्तरांनी क्लॅरिनेट खाली घेतलं आणि माझ्याकडे वळून सरळ म्हणाले, "कीबोर्ड चढला."

माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. मी काचेकडे पाहिलं. तिथे 'एक' होता. आणि मी समोर पाहिलं. तिथे सासरे होते.

मी म्हणालो, "मास्तर, मशीन हाये ते. मशीन कशी चढीन?"

मैदान हसलं. मोठ्याने हसलं. पाठीमागून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, झेंडू बाम लावा कानाले!" मास्तर गोंधळून लोकांकडे बघू लागले. त्यांची पाठ माझ्याकडे झाली त्या क्षणी माझ्या अंगठ्याने बटण खाली आणलं. काचेवर शून्य. मग मी म्हणालो, "पाहा, मी सूर धरतो. वाजवून पाहा."

त्यांनी वाजवलं. मिळाला. कसा मिळणार नाही? त्यांनी पुन्हा वाजवून पाहिलं. पुन्हा मिळाला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उतरलं ते मी तेव्हाही पाहिलं आणि त्यानंतर रोज पाहत आलो. ते माइकजवळ गेले. "माफ करा मंडळी. कीबोर्ड बरोबर हाये. माहा कान चुकला."

तुकडा त्यांनी पुरा केला. स्वच्छ, चुका न करता. मग क्लॅरिनेट खोलून त्याच्या डब्यात ठेवलं आणि पुन्हा कधी बाहेर काढलं नाही.

नुसतं विसरलो असतो तर तो विसराळूपणा झाला असता. वाक्य बोललो ते भीतीपोटी, असंही म्हणता येईल. पण अंगठ्याचं काय? तो शांतपणे, नीट जागेवर गेला होता. सांगायचं मी कबूल केलं होतं. कान बिघडला तर सांगायचं सोडून मी नीट असलेला कान बिघडवला.

त्या दिवसानंतर मास्तर बदलले. पार्टी चालू होती, सुपाऱ्या ते घेत, पण वाजवत नसत. एसटीचा हॉर्न वाजला की ते काही म्हणत नसत. बादली आणायला चाचींना पाठवू लागले. कोणी बोललं तर हात कानामागे धरत, ऐकू येत असूनही. ऑर्केस्ट्रा दरवर्षी व्हायचा. आम्ही बसायचो, मास्तर बाजूला उभे राहून खुर्च्या सांभाळायचे. आणि शेवटचा तुकडा? कीबोर्डमध्ये क्लॅरिनेटच्या आवाजाचंही बटण असतं. पहिल्याच वर्षी मास्तर मला म्हणाले, "तूच वाजवत जा. मशीन चुकत नाही." टोमणा नव्हता त्यात, माझं वाक्य त्यांनी खरं मानलं होतं. त्यानंतर दरवर्षी मी ते बटण दाबून त्यांचा तुकडा वाजवला, आणि लोकांनी टाळ्या दिल्या.

सांगायला मी किती वेळा गेलो! चहा पिऊन परत आलो. एकदा अंगणापर्यंत वाक्य जमवत गेलो, तर मास्तर म्हणाले, "बरं झालं आला, हे वीजबिल वाचून दे." वाचून दिलं आणि आलो.

यंदा साल संपायला दोन दिवस होते. सकाळी खुर्च्यांचं विचारायला गेलो. चाची अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मास्तर ओट्यावर उन्हात. चाची मला म्हणाल्या, "देख भाई, तूच समझा इनको. कान का कॅम्प लगा था. डॉक्टर ने मशीन लगा के देखा. बोला, इस उमर में इतने अच्छे कान नहीं देखे. ये मानतेच नहीं."

मास्तर शांतपणे म्हणाले, "डॉक्टरच्या मशीनले बोलनं आयकू येते का तेवढंच समजते. सूर गेला का नाही ते त्याले काय समजन? माह्या बापाचा बी आधी सूरच गेला होता." मग म्हणाले, "यंदा ते क्लॅरिनेट कोनाले तरी देऊन टाकू. पडून राहून लाकूड फाटते."

मी उभाच होतो. म्हणालो, "मास्तर, कीबोर्ड चढला होता."

"आं?"

"त्या साली. तुमचा कान नव्हता चुकला. कीबोर्ड चढला होता. ताईच्या गान्यासाठी मीच चढवला होता, आन् इसरलो."

चाचींचे हात थांबले. मला वाटलं मास्तर ओरडतील. त्यांनी विचारलं, "किती?"

"आर्धा सूर."

"वर?"

"वर."

"पन मंग तो मिळाला कसा?"

तेही सांगितलं. तुम्ही लोकांकडे बघत होता, तेव्हा मी अंगठ्याने खाली आणला. सासरे समोर होते. सगळं सांगितलं. ऐकताना मास्तरांचे ओठ हलत होते, जणू ते तो तुकडा मनात पुन्हा वाजवून बघत होते, त्या जागेपर्यंत जाऊन, थांबून, परत.

मग ते उठले. चाची घाबरून म्हणाल्या, "मारना मत!" मास्तर माझ्या अगदी जवळ आले. त्यांनी हात उचलला. पण तो माझ्या अंगावर आला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले, लहान मूल हरवून सापडल्यावर धरावं तसे. आणि खाली बसून रडायला लागले. मोठ्याने. शेजारचा गिरणीवाला भिंतीवरून डोकावला.

"कोनी गेलं काय, चाची?"

चाची पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "नहीं रे. वापस आया."

मास्तर शांत झाले तेव्हा मी पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. "हे इथं नाही चालनार. मी माफी माइकवर मागतली होती. साऱ्या गावासमोर. तू बी माइकवरच माग."

मग एक जानेवारीला, साडेचार वाजता, मी माइकपुढे उभा राहिलो. सासरे यंदाही आले होते, आता काठी टेकत. मी लिहून नेलेला कागद खिशातच राहिला. जे ओट्यावर बोललो तेच बोललो. बटण, आकडा, अंगठा. मैदान इतकं गप्प होतं की मला माझा श्वास माइकमधून ऐकू येत होता. पाठीमागून एक म्हातारा ओरडला, "वा गुरुजी! पोरायले शाळेत खरं बोला म्हनून शिकवता नं?" कोणी हसलं नाही. मी म्हणालो, "शिकवतो. मले आत्ता आलं."

सासरे बसल्या जागेवरून म्हणाले, "जावईबापू, तवा मीबी हासलो होतो." आणि त्यांनी मास्तरांकडे बघून हात जोडले.

मास्तर पुढे आले. हातात क्लॅरिनेट होतं. तोंडाशी बसवायची वेताची नवी पत्ती त्यांनी अमरावतीहून मागवून घेतली होती, दोन दिवसांत, कोणाकोणाला फोन करून. त्यांनी तोंडाला लावलं. लोक सावरून बसले. आणि आवाज आला तो कोंबड्याचा गळा दाबल्यासारखा. पुन्हा फुंकलं. किरकिर. तिसऱ्या वेळी दोन सूर निघाले आणि तिसरा फाटला. क्लॅरिनेटला ओठ घट्ट लागतात. अकरा वर्षांत ओठ सैल पडले होते. ते मीच सैल केले होते, हे मला त्या फाटक्या आवाजात नीट ऐकू आलं, आणि कधी नव्हे ते मी नजर खाली घातली नाही.

मास्तर मात्र हसत होते. प्रत्येक फाटक्या सुराला ते मान हलवून "नाही, नाही" म्हणत होते. चुकलेलं त्यांना ऐकू येत होतं! त्यांनी माइक जवळ ओढला. "मंडळी, कान बरोबर हायेत. ओठायले एक साल द्या."

अशा टाळ्या त्या मैदानात मी ऐकल्या नव्हत्या.

आता शाळा सुटली की मी धनजला जाण्याआधी कामरगावला थांबतो. मास्तरांचा हुकूम आहे. ते अंगणात भिंतीला टेकून बसतात, मी समोर कीबोर्ड मांडतो. मला वाजवायचं काही नसतं. एक पट्टी दाबून धरायची, तास-सव्वा तास, आणि ते त्या एका सुरावर लांब फुंक घालतात. घरी आल्यावर माझं बोट दुखतं, बायको तेल लावून देते आणि हसते. रात्री झोप लागते. अकरा वर्षांत अशी लागली नव्हती.

काल मधे दम घ्यायला ते थांबले, तेव्हा धीर करून विचारलं, "मास्तर, माफ केलं का मले?"

त्यांनी ओठ पुसले. पत्ती नीट केली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सा दे."